चोपडा ते अमळनेर: छळाच्या संसारातून सुटणारी नायिका आणि तिची जुनी मैत्रीण (कथानक तपासून हवं आहे)

कापूसवेचणी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. एका थरारकादंबरीचा आराखडा इथे ठेवते आहे. खून-दरोड्याची कथा नाही. सगळा ताण चार भिंतींतला आणि डोक्यातला. अशा कथेत एक तपशील चुकला तरी वाचकाचा विश्वास उडतो, म्हणून जाणकारांनी भीड न ठेवता तपासावं.

नायिका चोपड्याला दिलेली, लग्नाला नऊ वर्षं, सात वर्षांची मुलगी. नवऱ्याचं खता-बियाण्यांचं कृषी केंद्र, गावात वजन, बोलणं हळू आवाजात. मारहाण क्वचित, पण पैसा, फोन, माहेर, झोप सगळं त्याच्या मुठीत. 'तूच ठेवलं आणि तूच विसरली' हे ऐकून ऐकून तिचा स्वतःच्या आठवणीवरचा भरवसा उडाला आहे. रात्री दुधाबरोबर तो तिला एक गोळी देतो, 'डोकं शांत राहायची'. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी त्याने तिची मैत्रीण तोडली. दोघी अमळनेर तालुक्यातल्या एकाच गावच्या, प्रताप कॉलेजात बरोबर शिकलेल्या. मैत्रीण आता अमळनेरला मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे.

सध्याचा शेवट असा: मैत्रीण मध्यरात्री गाडी घेऊन येते, तापीचा पूल, मागे नवरा, पहाटे नवापूर स्टेशन. तिथे फलाट अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. ती ती रेषा ओलांडते आणि सुटते.

हे पटतं का? कुठे फसलंय?

सातपुडा_पायथा

शेवटच फसलाय. मध्यरात्रीच्या गाडीत मैत्रिणीचं काम ड्रायव्हरचं उरतं. तिच्या जागी चुलतभाऊ किंवा भाड्याची जीप असती तरी कथेचं काही अडलं नसतं. कादंबरी मैत्रीची असेल तर फक्त मैत्रीणच करू शकेल असं काम तिला द्या.

दुसरं, असं पाळत ठेवणाऱ्याच्या घरातून बाई रात्री निघत नाही. रात्री तो घरात असतो, कडी वाजते, झोपलेलं पोर उठवलं की रडतं. ज्या दिवशी घराबाहेर पडायला आधीच चारचौघांना मान्य असलेलं कारण असतं, त्या दिवशी ती निघते.

आणि सगळ्यात धोक्याचा काळ कोणता, ते लेखक हमखास चुकवतात. 'ही चालली' हे नवऱ्याला कळतं तिथून पुढचे दिवस सगळ्यात जिवावरचे. आजवर हात न उचललेला माणूसही तेव्हा उचलतो, कारण मूठ सुटत असते. म्हणून तुमचा खरा ताण निघण्याच्या आधीच्या दीड-दोन महिन्यांत आहे: मनाने निघून गेलेली बाई रोजच्यासारख्याच भाकरी थापते, तितकंच मीठ घालते, त्याच वेळेला दिवा लावते. तिच्या वागण्यात अचानक मोकळेपणा आला तरी तो ओळखेल. घाबरलेली बायको त्याला पाठ आहे, शांत झालेली नाही.

शक्य असेल तर आधी एकदा ती निघून परत आलेली दाखवा. बायका पहिल्याच खेपेला कायमच्या सुटतात असं सहसा होत नाही. परत आल्यावर नवरा चार-सहा आठवडे इतका चांगला वागतो की तिलाच स्वतःची शरम वाटते. तो चांगुलपणाही मुठीचाच भाग आहे, हे मैत्रिणीने न बोलता समजून घ्यावं आणि दुसऱ्या खेपेला 'मागे सांगितलं होतं ना' असं एकदाही म्हणू नये.

आखाजीचा_झोका

चारचौघांना मान्य असलेलं कारण खान्देशात शोधायला नको. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया!

दोघी एकाच गावच्या लेकी आहेत ना? मग आखाजीला दोघींचं माहेर एकच. लेकीला आणायला भाऊ मुराळी म्हणून जातो, आणि आखाजीला लेक पाठवली नाही तर सासरची बदनामी. 'गावात वजन' असलेल्या नवऱ्याला हा नकार सगळ्यात महाग पडतो. आठ वर्षांत त्याने तिला किती वेळा आणि काय निमित्त काढून अडवलं, हे आधी पेरून ठेवा. एका वर्षी सासूचं दुखणं, एका वर्षी मुलीचा ताप. यंदा कारण संपलेलं असू द्या.

तो स्वतः त्या दिवसांत अडकलेला असतो. आमच्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल आखाजीला संपतं आणि नवं ठरतं. त्याची शेती असेल तर हिशेब, उचल, नवा सालदार यातच दोन दिवस जातात. दुकानातही खरिपाच्या कापूस बियाण्याची चौकशी सुरू झालेली असते. आखाजीला पुरुष पत्त्यांवर बसतात, ते वेगळंच. सासरा आणि तो एकदा पानांवर बसले की दुपार कुठे गेली कळत नाही.

सणाचा तपशील: सकाळी पितरांच्या नावाने घागर पुजतात, जेवायला पुरणपोळी आणि आमरस, सांजोऱ्या. लिंबाला झोके, पोरीबाळींची गौराईची गाणी. झोक्यावर दोघी समोरासमोर उभ्या राहून झोका चढवतात. सात वर्षांनी भेटलेल्या दोन बायकांना सगळ्या गावादेखत, कोणालाही ऐकू न जाता बोलायला याहून चांगली जागा नाही.

पण योजना आखाजीच्या दिवशी ठरू शकत नाही, ती आधी ठरलेली पाहिजे. त्यासाठी फाल्गुन-चैत्रातली वाळवणं वापरा. बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, कधीच एकटीने होत नाहीत. ज्वारी भिजवायची, भरडायची, लसूण-तीळ-जिरं-तिखट घालून घाटा शिजवायचा आणि तो गरम असतानाच ओल्या कापडावर थापायचा. चार बायका लागतातच. आज तुझ्या गच्चीवर, उद्या माझ्या. सासू नाही म्हणू शकत नाही, कारण तिलाही पुढच्या आठवड्यात हात लागणार आहेत. पहाटेपासून ऊन चढेपर्यंत गच्चीवर पुरुष फिरकत नाही. त्या चौघींतल्या एकीचं माहेर अमळनेरचं करा. निरोप तिच्या तोंडून जाऊ द्या, फोनमधून नको.

कापूसवेचणी

आखाजीचं डोक्यातच नव्हतं, आणि मी खान्देशातलीच! कथा २०२४ मध्ये घडते असं धरलं होतं. चालेल?

तापीकाठ

वर्ष जपून ठरवा, कलमं बदलतात. २०२४ मध्ये अक्षय्य तृतीया १० मे रोजी होती आणि भारतीय न्याय संहिता लागू झाली १ जुलै २०२४ पासून. म्हणजे २०२४ च्या आखाजीला ती निघाली तर तिच्या फिर्यादीत जुन्या भारतीय दंड संहितेचं ४९८अ (सासरी होणारा छळ) येईल. २०२५ ची आखाजी ३० एप्रिलला होती. तेव्हाच्या छळासाठी न्याय संहितेचं ८५ आणि क्रूरतेच्या व्याख्येसाठी ८६. शिक्षा दोन्हीकडे तीन वर्षांपर्यंत आणि दंड. तुमच्या वकील पात्राने २०२५ मध्ये '४९८' म्हटलं तरी चालेल, बोलण्यात तो आकडा अजून जाणार नाही. कागदावर मात्र ८५ हवं.

'फिर्याद दिली आणि संध्याकाळी नवऱ्याला बेड्या' असं लिहू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अर्नेशकुमार निकालानंतर या गुन्ह्यात आपोआप अटक होत नाही. आधी नोटीस जाते. नोटीस हातात पडल्यावर तो दुकानात बसून आहे आणि गिऱ्हाइकाला युरिया देतो आहे, हे दृश्य बेड्यांपेक्षा भीतीदायक आहे.

तुमच्या नायिकेला जास्त उपयोगी आहे २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. नवापूरच्या शेवटाचं उत्तरही त्यात आहे. कलम २७ प्रमाणे ती जिथे राहते, तात्पुरती का असेना, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मिळालेला आदेश भारतभर चालतो. अमळनेरला मैत्रिणीकडे राहिली तर अमळनेरचंच कोर्ट. चोपड्याला फेऱ्या नाहीत आणि राज्याची हद्द ओलांडून काही मिळतही नाही. नवापूरचा फलाट देखणा आहे, पण तिथली रेषा तिला वाचवत नाही.

आता वर सातपुडा यांनी विचारलेलं, मैत्रिणीचं काम काय? या कायद्यात मैत्रिणीला जागा आहे आणि ती फार कमी लोकांना ठाऊक असते. कलम ४ प्रमाणे हिंसाचार होतोय असं वाटणारी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. चांगल्या हेतूने कळवलं तर तिच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. कलम १२ प्रमाणे पीडितेच्या वतीने दुसरी व्यक्तीही अर्ज देऊ शकते. आणि कलम १८ च्या संरक्षण आदेशात मदत करणाऱ्या माणसाला इजा करायलाही मनाई घालता येते. म्हणजे त्याच कागदावर मैत्रीणही सुरक्षित. आदेश मोडला तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तो गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र आहे.

औषधीपान

दुधाबरोबरच्या गोळीबद्दल. कथेत ती काय आहे ते ठरवा. वर्णनावरून अल्प्राझोलाम बसतं. झोप येते, दुसऱ्या दिवशी डोकं जड, आणि रात्रीचं काही काही आठवतच नाही. 'तूच विसरली' हे त्याचं वाक्य मग अर्धं खरं होतं. थराराचं मूळ इथे आहे. तिची आठवण खरंच जाते, फक्त कारण ती समजते ते नाही.

बहुतेक लेखक पुढची चूक करतात. नायिकेला संशय येतो, ती गोळी गालात धरते, मोरीत थुंकते आणि तिसऱ्या दिवशी टवटवीत! तसं होत नाही. महिनोन्‌महिने रोज घेतलेली ही गोळी एकदम बंद केली तर झोप उडते, हात थरथरतात, छाती धडधडते, आवाज सहन होत नाहीत, आणि झटकाही येऊ शकतो. जीवही जाऊ शकतो. मात्रा डॉक्टरच्या देखरेखीखाली, थोडी थोडी, आठवड्यांच्या हिशेबाने उतरवावी लागते. म्हणजे गोळी सोडल्यावर ती आधीपेक्षा जास्त 'वेडी' दिसेल आणि नवऱ्याला पुरावा मिळेल. फार्मासिस्ट मैत्रिणीला हे माहीत असणारच. 'बंद करू नको, आधी डॉक्टर' हा तिचा पहिला निरोप हवा. तोच बिबड्यांच्या गच्चीवरून जाऊ द्या.

गोळ्या येतात कुठून? अल्प्राझोलाम एच-वन यादीत आहे, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांत. दुकानदाराला वेगळ्या वहीत डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या लिहावी लागते आणि ती वही तीन वर्षं जपावी लागते. चोपड्याच्या एखाद्या दुकानातल्या वहीत रुग्ण म्हणून नायिकेचंच नाव असणं हा तुमच्या कथेतला मोठा धक्का होऊ शकतो. मात्र अमळनेरच्या मैत्रिणीला चोपड्याच्या दुकानाची वही चाळता येत नाही. तो अधिकार औषध निरीक्षकाचा, किंवा तपासात पोलिसांचा. मैत्रिणीने ओळखीने वही बघितली असं लिहिलंत तर पुरावाही गेला आणि तिची नोकरीही. ती एवढंच करू शकते: रिकामी स्ट्रिप जपून ठेवायला सांगेल, बॅच नंबर दिसेल अशी.

लघवीच्या तपासणीत हे औषध काही दिवसच सापडतं. ती निघाली आणि पंधरवड्याने तपासणी केली तर हाती काही लागणार नाही. निघाल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांतच सरकारी रुग्णालयात जाऊ द्या.

तापीकाठ

औषधीपान यांच्या मुद्द्याला जोडून. इजा किंवा गुन्हा करायच्या हेतूने गुंगीचं औषध देणं हा न्याय संहितेच्या कलम १२३ खालचा स्वतंत्र गुन्हा होतो, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. पण सिद्ध करणं अवघड. नवरा म्हणणार, डॉक्टरने दिलं होतं, तीच घ्यायची.

कापूसवेचणी

नवऱ्याची एक धमकी आहे: 'जास्त बोललीस तर वेड्यांच्या दवाखान्यात टाकीन.' हे तो खरंच करू शकतो का? मधला भाग त्यावर उभा आहे.

तापीकाठ

पूर्वीसारखं नाही करू शकत, आणि मैत्रिणीचं सगळ्यात मोठं काम इथेच आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १४ काढा. कोणतीही सज्ञान व्यक्ती स्वतःसाठी नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे मानसिक उपचारांबाबत आपल्या बाजूने उभा राहणारा माणूस, नेमू शकते. साध्या कागदावर, सही किंवा अंगठा, बस. स्टॅम्प पेपर नको, नोटरी नको. प्रतिनिधी नात्यातलाच हवा असंही नाही. सज्ञान असावा, जबाबदारी पेलण्याजोगा असावा आणि डॉक्टरला लेखी संमती द्यावी. असा कागद केलेला नसेल तर हक्क नातेवाइकाकडे जातो, म्हणजे व्यवहारात नवऱ्याकडे.

आता कलम ८९. रुग्णाच्या इच्छेविरुद्ध भरती करायची तर अर्ज नामनिर्देशित प्रतिनिधीचा लागतो. शिवाय दोघांनी तिला स्वतंत्रपणे, त्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत तपासलेलं असावं लागतं. त्यात एक मनोविकारतज्ज्ञ हवाच. ती स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करू पाहते, किंवा स्वतःची काळजीच घेऊ शकत नाही, असं त्यांना दिसावं लागतं. भरती ३० दिवसांपर्यंत, आणि बाई असेल तर तीन दिवसांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवणं बंधनकारक.

याचा अर्थ असा की नायिकेने वहीच्या एका पानावर मैत्रिणीचं नाव लिहून, तारीख टाकून सही केली, तर त्या दिवसापासून नवऱ्याच्या हातातला अर्ज निरुपयोगी. नवऱ्याला हे माहीत नाही. गाडी सगळ्या सिद्धतेने जळगाव किंवा नाशिकच्या खासगी दवाखान्याच्या दारात थांबते, सासू बरोबर, आणि नायिका शांतपणे डॉक्टरला सांगते, 'माझी प्रतिनिधी मी नेमलेली आहे. तिला फोन करा.' सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, खान्देशात नाही. त्यामुळे तो खासगीतच नेणार, हे सुसंगत.

कागद घरात ठेवू नका. मूळ मैत्रिणीकडे.

सातपुडा_पायथा

हे! सात वर्षं तोडून ठेवलेल्या मैत्रीला एका पानावर नात्यापेक्षा वरची जागा. कादंबरीचा कणा सापडला तुम्हाला.

गिरणाथडी

फोनचं कोणी लिहिलं नाही अजून.

व्हॉट्सॲप: त्याने एकदा तिचा फोन घेऊन क्यूआर कोड स्कॅन केला असेल तर दुकानातल्या संगणकावर तिचे निरोप दिसत राहतात. तिचा फोन बंद असला तरी. सेटिंगमधल्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये तो संगणक दिसतो. तिथून काढून टाकणं सोपं आहे, पण काढलं की त्याच्या पडद्यावर लॉगआउट होतं, म्हणजे तिला कळलंय हे त्याला कळतं. नायिका ते बघते आणि तसंच राहू देते. त्याच खिडकीतून तिने त्याला रोजची साधी बायको दाखवत राहावी.

गुगल खातं याहून वाईट. फोन त्याने आणून सुरू करून दिला असेल तर पासवर्ड त्याच्याकडे. नकाशातलं लोकेशन शेअरिंग, हरवलेला फोन शोधायची सोय आणि फोटो. वळांचे फोटो तिने स्वतःच्या फोनमध्ये काढले की ते बॅकअप होऊन त्याच्या संगणकावर पोचतात. पुसले तरी बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस पडून राहतो. पुराव्याच्या नादात नायिका पकडली जाते ती बहुधा इथेच. फोटो दुसरीच्या फोनमध्ये काढावेत आणि मूळ फाइल तशीच ठेवावी. व्हॉट्सॲपवरून पाठवला की फोटो दाबला जातो, काढल्याची वेळ वगैरे आतली माहिती जाते. न्यायालयात द्यायचा तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, हॅश मूल्यासह (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा), आणि ते ज्याच्या ताब्यात उपकरण होतं त्याने द्यायचं, जोडीला तज्ज्ञाची सही. म्हणजे फोटो काढणारी बाई साक्षीदार झाली. फोटो कोणाच्या फोनमध्ये, हे ठरवताना नायिकेने हाच विचार करावा.

निघताना फोन घरी. माहेरी जाताना न्यावाच लागेल, नाहीतर संशय. मग माहेरी सोडावा, चार्जिंगला लावून, चालू ठेवून. नवा साधा फोन, सिम तिच्याच आधारवर घेतलेलं.

एसटी_फलाट

सिम मैत्रिणीच्या नावाचं घेतलं तर पटकन काम नाही का होणार? नायिकेच्या नावावर किती सिम आहेत ते सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर दिसतं ना.

गिरणाथडी

दिसतं, पण तिच्याच क्रमांकावर ओटीपी आल्यावर. म्हणून नवं सिम ती निघाल्यानंतर घ्यायचं, आधी नाही. जुना फोन नवऱ्याच्या हातात पडणार हे धरून जुनं सिम लगेच बंद करून नव्या कार्डावर तोच क्रमांक काढायचा. दुसऱ्याच्या नावाचं सिम वापरणाऱ्या नायिकेला पुढे वकील पहिल्याच उलटतपासणीत गाठेल.

एसटी_फलाट

पटलं. प्रवासाचं माझ्याकडून घ्या.

एसटीच्या तिकिटावर नाव नसतं. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. रेल्वेचं साधं तिकीट खिडकीवर रोखीने घेतलं तर तिथेही नाव नाही. आरक्षण केलं की नाव आणि फोनवर संदेश. म्हणजे कागदावर माग नाही. माग असतो माणसांच्या डोळ्यांत. चोपडा बसस्थानकात कृषी केंद्रवाल्याच्या बायकोला कंडक्टर, रसवाला, पेपरवाला सगळे ओळखतात. आखाजीचं निमित्त असेल तर हा प्रश्नच मिटतो, ती उघड भावाबरोबर जाते. पुढचा टप्पा माहेरच्या गावाहून अमळनेर, तो स्थानकातून न करता फाट्यावरून करा.

वेळ सकाळची. एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा ४४-४५ वर असतो, रस्त्यावर चिटपाखरू नसतं, मग सात वर्षांची पोर घेऊन चालणारी बाई लांबून दिसते. पोरीला पाणी आणि मीठ-साखर बरोबर हवीच.

अमळनेर स्टेशन भुसावळ-सुरत मार्गावर आहे. एकीकडे जळगाव, भुसावळ, दुसरीकडे दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, सुरत. नवरा भावाला फोन करून 'ती कुठे' विचारेल तेव्हा सगळे सुरतेचा विचार करतील, कारण घरातून निघालेलं माणूस सुरतेला जातं ही आपल्याकडची समजूत. नवापूर तुम्हाला सोडवत नसेल तर तिथे नवऱ्याला पाठवा. तो फलाटावर उभा, अर्धा इकडे अर्धा तिकडे, आणि ती अमळनेरच्या कोर्टात.

पांझरावाट

पोलीस ठाण्याची बाजू. ती गेल्यावर नवरा पहिलं काम करील ते 'मिसिंग' दाखल करण्याचं, तेही रडव्या चेहऱ्याने. सोबत 'मानसिक उपचार चालू होते, दागिने घेऊन गेली' हे जोडील. त्याआधीच नायिकेने अमळनेर ठाण्यात लेखी अर्ज द्यावा: मी सज्ञान आहे, मुलीसह स्वतःच्या मर्जीने राहते आहे, कारण अमुक, माझा पत्ता पतीला किंवा त्याच्या नातेवाइकांना देऊ नये. पोचशिक्का घ्यावा, प्रत चोपडा ठाण्याला टपालाने. मग मिसिंगचा शोध लागला तरी तिचा जबाब नोंदवून प्रकरण बंद होतं. सज्ञान बाईला पोलीस ओढून नेऊन नवऱ्याच्या स्वाधीन करू शकत नाहीत. ओळखीच्या हवालदाराकडून पत्ता फुटण्याची भीती मात्र खरी आहे, ती कथेत ठेवा. म्हणून पहिले दिवस मैत्रिणीच्या घरी नको. नवरा तिथेच आधी जाणार.

कुठे? जिल्ह्याच्या ठिकाणी सखी केंद्र असतं, वन स्टॉप सेंटर. तिथे तात्पुरता निवारा, वैद्यकीय मदत, समुपदेशन, वकील एका छताखाली मिळतात, निवारा मूळ योजनेत पाच दिवसांपर्यंत. १८१ वर चोवीस तास फोन लागतो, पण तिच्या फोनवरून केला तर कॉल यादीत राहतो.

गुन्हा चोपड्यात घडला म्हणून चोपड्यातच फिर्याद द्यावी लागते असं नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर होते, प्रत फुकट मिळते. २०१९ मध्ये रूपाली देवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आश्रय घेतलेल्या ठिकाणीही ४९८अ चालवता येतं असं म्हटलं आहे.

कापूसवेचणी

दागिन्यांचं काय? आणि त्याने एकदा गळा दाबला होता, तो प्रसंग मी दोन ओळींत उरकलाय.

तापीकाठ

दागिने तिचं स्त्रीधन. १९८५ च्या प्रतिभा राणी निकालापासून ते स्पष्ट आहे. तरी आखाजीला सगळं अंगावर घालून गेली तर सासूच्या नजरेत येईल. सणाला घालते तेवढंच घालावं. बाकीची यादी, पावत्या आणि लग्नातले फोटो मैत्रिणीकडे, आणि कलम १९ खाली ते परत करण्याचा आदेश मागावा. जीव आधी, पाटल्या नंतर.

मुलीसाठी कलम २१ चा तात्पुरत्या ताब्याचा अर्ज पहिल्याच दिवशी जोडा. मुलगी सात वर्षांची आहे, पाच वर्षांखालच्या मुलांसाठीची सवलत लागू नाही. नवरा छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात हेबिअस कॉर्पस, म्हणजे मुलीला कोर्टापुढे हजर करा असा अर्ज, घालू शकतो. तोवर तिचा अर्ज अमळनेरला दाखल झालेला असावा. पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत पडावी असं कायदा म्हणतो. निकालाला ६० दिवस धरले आहेत, पण कादंबरीत जास्तच लावा, प्रत्यक्षात लागतात. कलम २३ खाली नवरा हजर नसतानाही प्रतिज्ञापत्रावर अंतरिम आदेश मिळतो. वकिलाची फी आड येत नाही. तालुका विधी सेवा समितीकडून बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

शाळेची अडचण नाही. निकाल १ मेच्या आसपास, शाळा जूनच्या मध्याला. आणि आठवीपर्यंत दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.

औषधीपान

गळा दाबणं दोन ओळींत उरकू नका. हात उगारणारा आणि गळा धरणारा यांत फार अंतर आहे. गळ्यावर एकदा हात गेला की पुढे जीव जाण्याची शक्यता खूप वाढते. तुमच्या नायिकेने निघायचं ठरवण्याचा क्षण हाच असायला हवा.

शरीराचा तपशील: बाहेर वळ दिसेलच असं नाही. आवाज घोगरा होतो, गिळताना दुखतं, डोळ्यांच्या पांढऱ्यात लाल ठिपके येतात, क्षणभर शुद्ध जाते, कधी नकळत लघवी होते. तिला त्या काही सेकंदांचं आठवणार नाही, आणि नवरा म्हणेल 'चक्कर आली तुला, मी धरलं'. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झाली तर काही दिवसांनीही पक्षाघात होऊ शकतो, म्हणून वळ नसले तरी तपासणी लागते. सरकारी रुग्णालयात 'पतीने गळा दाबला' असं स्पष्ट सांगितलं तर तशी नोंद होते. 'पडले' म्हटलं तर तेच कागदावर राहतं आणि दोन वर्षांनी कोर्टात तेच वाचलं जातं.

आखाजीचा_झोका

खुणेच्या शब्दाबद्दल एक. व्हॉट्सॲपवर नवरा वाचतोय हे धरून दोघींनी खूण ठरवली असेल तर ती हंगामात बसली पाहिजे. 'यंदा बिबडे चिरले' चैत्रात खपतं, श्रावणात लिहिलं तर पाचवीतलं पोरही विचारेल. श्रावणासाठी कानबाईच्या सणाचं काहीतरी ठेवा.

बोलीही सांभाळा. अमळनेरकडच्या दोघी एकमेकींशी अहिराणीत बोलतील, 'माले', 'तुले'. सासर रावेर-यावलकडचं केलंत तर तिथे लेवा बोली, 'मले', 'तुले'. सासरी ती नऊ वर्षं 'मले' म्हणत आली आणि झोक्यावर पहिल्यांदा 'माले' निघालं, एवढंही पुरे.

कापूसवेचणी

सगळं नव्याने बांधते आहे. शेवटचा प्रश्न. नवरा मैत्रिणीला फोन करतो, अगदी गोड आवाजात: 'ताई, ती तुमच्याकडे आली का?' मैत्रिणीने काय बोलावं? मी 'नाही आली' लिहिलंय.

तापीकाठ

ते वाक्य काढा. मैत्रीण पुढे साक्षीदार आहे, फोटोचं प्रमाणपत्र तिचं, प्रतिनिधीचा कागद तिच्याकडे. फोन रेकॉर्ड होतोय हे धरूनच बोलायचं. तिने एक खोटं बोललं की तिची सगळी साक्ष संशयात. आणि 'आली' म्हटलं की तो अर्ध्या तासात दारात.

खोटंही नाही आणि पत्ताही नाही असं एकच वाक्य, आणि तो कितीही वेळा विचारो, तेच. चिडायचं नाही, समजावायचं नाही, त्याच्या रडण्याला उत्तर द्यायचं नाही. फोन ठेवला की वहीत तारीख, वेळ आणि त्याचे शब्द जसेच्या तसे.

सातपुडा_पायथा

मग असं: 'दाजी, मी याबद्दल फोनवर बोलणार नाही.' दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. आणि वहीत, संध्याकाळी ७ वाजून १० मिनिटं.